स्नेह थोडा शिल्लक ठेवावा

एकत्र कुटुंबात माणसांची वाण कधीच नसते. वाण असते ती आपल्या हौसेच्या माणसाची. पंगतीला अकरा पाने मांडली जातात, पण त्या अकरांत फुलझाडांचे वेड एकालाच असते, जुन्या नाण्यांचा नाद दुसऱ्या एकालाच असतो, आणि ज्याची हौस घरात कोणालाच कळत नाही तो मनुष्य भरल्या घरात थोडासा एकटाच राहतो. ही उणीव आपल्या वाडवडिलांनी ओळखली होती. म्हणूनच गावोगाव भजनी मंडळे उभी राहिली, वाचनालयांच्या ओसरीवर बुद्धिबळाचे पट मांडले गेले, आणि बायकांनी मंगळागौरीच्या निमित्ताने रात्री जागवल्या. या महिन्यात आम्ही अशाच एका मंडळीविषयी लिहिणार आहो. तिचा विषय वाचकांस प्रथम ऐकताना थोडा विचित्र वाटेल. ही मंडळी हौसेने घरी साबण करते.

लिहिण्यास निमित्त झाले ते एका पत्राचे. खालापूर तालुक्यातील एक वाचकभगिनी लिहितात की, कर्जतेस महिन्यातून एका रविवारी साबण करणारांची जी बैठक भरते तीस जाण्याची त्यांना फार इच्छा आहे. परंतु घरात त्यावरून मतभेद झाला आहे. थोरल्या दिरांचे म्हणणे, जी वस्तू वाण्याकडे थोडक्या पैशात मिळते ती करण्यात वेळ दवडणे हे रिकामपणाचे लक्षण होय. सासूबाईंचे म्हणणे, कॉस्टिक सोड्यासारखा जहरी पदार्थ लेकरांच्या घरात यावयाचा नाही. आणि यजमानांचे म्हणणे, ती माणसे कोण, कोठली हे ठाऊक नसता त्यांच्यात जाऊन बसावे कशाला? "आपण त्या बैठकीस जाता असे कळले, तेव्हा आपणच काय तो निवाडा द्यावा," अशी पत्राची अखेर आहे.

आम्ही त्या बैठकीस गेली तीन वर्षे जात आहो ही गोष्ट खरी. आमच्या सूनबाई आमच्याही आधी एक वर्ष जात होत्या, एके दिवशी त्याच म्हणाल्या, "मामंजी, हिशेब करणारे कोणी नाही, तुम्ही चला." तेव्हा आम्ही अगदी तटस्थ पंच आहो असा आमचा दावा नाही. तथापि तिन्ही आक्षेप घरातील वडीलधाऱ्या माणसांचे आहेत आणि त्यांत एकही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

रिकामपणाचा आक्षेप आधी घेऊ. स्वच्छतेचा विचार आपल्या शास्त्रकारांस कधी क्षुल्लक वाटला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात रेशीम व लोकर खाऱ्या मातीने धुवावी, कांबळी रिठ्याने धुवावी, जवसाच्या तंतूंचे वस्त्र पांढऱ्या मोहरीने स्वच्छ करावे, असा वस्त्रागणिक निराळा विधी सांगितला आहे. वात्स्यायनाने नागरकाची दिनचर्या देताना दर तिसऱ्या दिवशी फेनक वापरण्यास सांगितले आहे. फेनक म्हणजे फेस आणणारा पदार्थ. रिठ्याला तर संस्कृतात फेनिल असेच नाव आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय सबंध क्षार करण्याच्या विधीस दिला आहे. झाडे जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, ते पाणी पुनःपुन्हा गाळावे, आटवावे, आणि त्यात भाजलेली चुनखडी व शंख घालून क्षाराचा जोर वाढवावा, असा तो क्रम असून क्षाराचे मृदु, मध्य आणि तीक्ष्ण असे तीन भेद केले आहेत. सुश्रुताला क्षार हवा होता तो व्रणावर व मूळव्याधीवर लावण्यास. पण चुन्याच्या योगाने साधा क्षार दाहक होतो हे ज्ञान त्यात स्पष्ट आहे, आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासात, ज्याचा पहिला खंड १९०२ साली निघाला, त्या कृतीची प्रशंसा केली आहे.

साबण हा शब्दही आपल्याकडे आजचा नव्हे. अरबीतील साबून, पोर्तुगीजांचा साबांव आणि लॅटिनमधील सापो ही एकाच कुळातील भावंडे आहेत. गुरू नानकांच्या जपुजीत मळलेले कापड साबणाने धुण्याचा दृष्टांत आहे. आमच्या तुकोबांनीही साबणाचा दृष्टांत घेतला असून, मुळात पाणीच स्वच्छ नसेल तर साबणाचा इलाज चालत नाही, असा त्याचा आशय आहे. कोणत्याही विहिरीच्या जड पाण्यात साबण घासून पाहिला असता फेसाऐवजी पांढरी साय जमते, ती ज्याने पाहिली आहे त्याला तुकोबांचे निरीक्षण किती नेमके होते हे कळेल.

अलीकडच्या काळात या विषयाला शास्त्राचे रूप आले ते फ्रान्स देशात. मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेल व चरबी म्हणजे काय व तिचा साबण होतो म्हणजे काय होते हे प्रथमच नीट उलगडून सांगितले. हे गृहस्थ १०२ वर्षे जगले. आपल्या देशात म्हैसूर संस्थानाने १९१६ साली चंदनी साबणाचा कारखाना काढला. मुंबईस अर्देशर गोदरेज यांनी १९१८ साली जनावराच्या चरबीचा लेशही नसलेला, केवळ वनस्पतितेलाचा 'चावी' छाप साबण बाजारात आणला. सोवळ्याओवळ्याचा विचार करणाऱ्या घरांतून साबणाकडे जो संशयाने पाहिला जाई त्याला हे मोठेच उत्तर होते. पुढे टाटा ऑइल मिल्सचा 'मोती' महाराष्ट्रातील अभ्यंगस्नानाचा जणू एक उपचारच होऊन बसला. १९९३ साली ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली, तरी 'मोती' राहिला. आणि २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा, साबण त्या विषाणूभोवतीचे स्निग्ध वेष्टण फोडतो म्हणून हात धुवावे, हे शाळेतल्या पोरालाही पाठ झाले. जिच्यामागे एवढा इतिहास व एवढी विद्या उभी आहे ती वस्तू आपल्या हाताने एकदा करून पाहावी असे कोणास वाटले, तर त्याला रिकामपण कसे म्हणावे? वाण्याकडे मिळते म्हणून घरी करू नये असा नियम केला तर दिवाळीच्या करंज्याही बंद कराव्या लागतील. दिरांस आमचे एवढेच नम्र उत्तर आहे.

सासूबाईंचा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि त्यात त्यांचे अर्धे म्हणणे आम्ही मान्य करतो. कॉस्टिक सोडा हा खरोखरच दाहक पदार्थ आहे. तो डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचे भय असते, पोटात गेला तर अन्ननलिका जळते. त्याचे पांढरे दाणे खडीसाखरेसारखे दिसतात, यातच लहान मुलांचा सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून बैठकीत नव्या माणसास पहिल्या दिवशी तेल दाखवीत नाहीत की सुगंध दाखवीत नाहीत. सोडा कसा हाताळावा तेवढेच दाखवितात. डोळ्यांस चष्मा, हातांत रबरी मोजे, अंगात लांब बाह्यांचा कपडा. सोडा पाण्यात घालावयाचा. पाणी सोड्यावर कधीही ओतावयाचे नाही, कारण ते उसळून अंगावर येते. सोडा पडताच पाणी उकळत्या चहासारखे तापते व त्याच्या वाफेने घसा धरतो, म्हणून हे काम पडवीत किंवा उघड्या अंगणात. भांडे पोलादी किंवा जाड प्लास्टिकचे. ॲल्युमिनिअमचे मुळीच नाही, कारण सोडा त्या धातूला खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. अंगावर शिंतोडा उडालाच तर नळाखाली पुष्कळ वेळ भरपूर पाणी सोडावे. व्हिनेगर किंवा लिंबू चोळीत बसू नये. आणि डोळ्यात गेले तर पाण्याने धूत धूतच दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट सासूबाईंस आवडेल. साबणाची भांडी, कालथे, वजनकाटा हे सर्व निराळे. ते स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नाहीत आणि स्वयंपाकघरातले भांडे साबणाकडे जात नाही. आमच्याकडे याला साबणाचे सोवळे म्हणतात. सोड्याचा डबा कुलपात, त्यावर ठळक अक्षरांत नाव, आणि किल्ली एकाच माणसाच्या कनवटीस. हे नियम जेथे पाळले जात नाहीत तेथे सासूबाईंचे म्हणणे पूर्ण खरे आहे आणि त्या घरी सोडा येऊ नये. जेथे पाळले जातात तेथे तो रॉकेलच्या स्टोव्हपेक्षा किंवा गच्च भरलेल्या गॅसच्या टाकीपेक्षा अधिक भयंकर ठरत नाही.

आता हिशेब. साबणात भीती असते ती सोड्याची, आणि ती जाते त्रैराशिकाने. प्रत्येक तेलाची सोडा पचविण्याची शक्ती निराळी असते. १०० ग्रॅम खोबरेलास सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो. तितक्याच तिळाच्या तेलास सुमारे साडेतेरा, आणि एरंडेलास तेराच्याही थोडा आत. खोबरेल संपले म्हणून कोणी तेवढेच तिळाचे तेल घातले आणि सोडा पूर्वीचाच ठेवला, तर दर १०० ग्रॅम तेलामागे चार ग्रॅमहून अधिक सोडा मोकळा राहील आणि तो साबण कातडी सोलून काढील. म्हणून तेल बदलले की हिशेब नव्याने. अंदाज, मूठ, चिमूट, वाटी ही मापे स्वयंपाकात शोभतात; येथे ग्रॅम दाखविणारा काटा हवा. बैठकीत हा हिशेब तपासून देण्याचे काम आमच्याकडे आले आहे. चाळीस वर्षे वर्गात त्रैराशिके घातली, पण उत्तर चुकले असता कोणाची कातडी जाईल अशी भीती कधी नव्हती. त्यामुळे पोरे जितक्या निष्काळजीपणे उत्तर काढीत तितक्याच काळजीने येथे मोठी माणसे आमच्यापुढे वही धरतात.

या हिशेबात एक बारकावा आहे, आणि तो आम्हांस फार आवडतो. तेला-तुपाला संस्कृतात स्नेह म्हणतात. वैद्यकात घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. क्षार आणि स्नेह एकत्र आले म्हणजे दोघेही आपले मूळ रूप टाकतात. दाहही राहत नाही, तेलकटपणाही राहत नाही. होतो तो साबण आणि त्याच्याबरोबर थोडे ग्लिसरीन. पण हिशेब कितीही चोख केला तरी तेल प्रत्येक घाण्याचे थोडे वेगळे असते, काटा थोडा इकडे-तिकडे होतो. म्हणून जाणती माणसे हिशेबाने निघेल त्याच्या शेकडा पाच इतका सोडा कमीच घालतात. मग क्षार सगळा संपतो आणि थोडा स्नेह शिल्लक राहतो. तो शिल्लक राहिलेला स्नेहच अंगाला सुखावतो. स्नेहाचा दुसरा अर्थ वाचकांस ठाऊकच आहे. या दुसऱ्या अर्थावरूनच आम्ही तिसऱ्या आक्षेपाकडे येतो: ती माणसे कोण?

ती माणसे अगदी साधी आहेत. संख्या दहा-बारा. नेरळहून एक निवृत्त रेल्वे गार्ड येतात, खोपोलीहून महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी येते, खालापुराकडून दोन शिक्षिका एस.टी.ने येतात, एक औषधांचे दुकान चालविणारे गृहस्थ आहेत, आणि मुंबई सोडून उल्हास नदीच्या काठी घर बांधून राहिलेले एक जोडपे आहे. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, घटना नाही. ज्याच्या पडवीत बैठक असेल त्याने चहा द्यावयाचा आणि प्रत्येकाने आपली मागच्या महिन्याची वडी आणावयाची. त्यातही एक रीत अशी की, बिघडलेली वडी आधी मांडावयाची. कोणाची वडी मऊ राहिलेली असते, कोणाची ठिसूळ होऊन विटेसारखी तुटलेली असते, कोणाच्या वडीवर पांढरी राख चढलेली असते. मग सर्वजण ती हातात घेतात, वास घेतात, आणि काय चुकले असावे याचा शोध घेतात. चांगली वडी दाखवून घेण्याची वेळ शेवटी येते. तोवर चहाही निवालेला असतो आणि अहंकारही.

येथील हवेचा साबणावर फार परिणाम होतो हे या बिघडलेल्या वड्यांनीच शिकविले. आपला प्रदेश सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माथेरान आणि बोरघाटावर अडलेले ढग आपल्या अंगणात रिते होतात. साबणातल्या ग्लिसरीनचा गुण असा की ते हवेतले पाणी ओढून घेते. त्यामुळे श्रावणात केलेल्या वडीला आषाढातल्या भिंतीसारखा घाम फुटतो, आणि नवखा मनुष्य आपला साबण बिघडला असे समजून तो टाकून देतो. ती बिघडलेली नसते. तिला पंख्याचा वारा हवा असतो, उघडे फडताळ हवे असते, आणि वड्यावड्यांत बोटभर अंतर हवे असते. पुस्तके लिहिणारे बहुधा कोरड्या हवेच्या देशांतले. त्यांनी हे लिहिलेले नाही. हे नेरळच्या गार्डसाहेबांनी दोन पावसाळे वड्या घामाघूम करून घेतल्यावर सांगितले, आणि तेव्हापासून नव्या माणसाचा एक पावसाळा वाचतो. नवीन मनुष्य तोच प्रश्न विसाव्या वेळी विचारतो, आणि त्याला विसाव्या वेळी तितक्याच शांतपणे उत्तर मिळते. आम्ही शिक्षक असल्यामुळे या गोष्टीची किंमत जाणतो. आमच्या धंद्यातही हे सर्वांस साधत नाही.

आपल्या देशात कारागिरीचा नाश जितका परकीय मालाने केला तितकाच तो 'नुस्खा बाहेर जाता कामा नये' या वृत्तीने केला असे आम्हांस वाटते. बाप मुलाला सांगे, मुलगा नसेल तर विद्या बापाबरोबर जाई. याच्या उलट टोकाचा अन्यायही इतिहासात घडलेला आहे. साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती निकोला लेब्लांक याने शोधून १७९१ साली तिचा हक्क मिळविला. फ्रान्समधील क्रांतीच्या सरकारने त्याचा कारखाना जप्त केला आणि कृती देशहितासाठी सर्वांस खुली केली. युरोपभर तिच्यावर साबणाचे कारखाने चालले. लेब्लांक मात्र कफल्लक झाला आणि १८०६ साली त्याने आत्महत्या केली. विद्या लपविल्याने मरते, आणि हिसकावून घेतल्याने विद्वान मरतो. या दोन्हींच्या मधली वाट एकच: ज्याने दिले त्याचे नाव घेऊन, त्याला मान देऊन, विद्या वाटून घेणे.

हे म्हणणे सोपे आहे. बैठकीची खरी परीक्षा कोठे झाली ते आता सांगतो. ही हकीकत आम्ही जाऊ लागण्यापूर्वीची असून सूनबाईंनी सांगितलेली आहे. कशेळ्याच्या पलीकडील एका ठाकूरवाडीतल्या एक बाई मोहाच्या बियांचे तेल आणून देत. मोहाचे तेल आपल्या रानातले. उन्हाळ्यात फुले वेचून झाली की पावसाच्या तोंडाशी फळे पिकतात, त्यांतल्या बिया फोडून, वाळवून, घाण्यावर तेल काढतात. वाडीवर ते खाण्यातही असते. थंडीत ते तुपासारखे थिजते, आणि त्याची वडी चांगली घट्ट होते. बाई पायरीशी बाटली ठेवीत, पैसे घेत आणि परत जात. वर चहा चाले. पायरीपर्यंत तो पोहोचत नसे. कोणी वाईट बोलत नसे. पण बाकी सर्वांस 'अहो' आणि बाईंस 'अगं', हा भेद कोणाच्या कानास खटकत नसे इतका तो जुना होता.

एका वर्षी मोहाच्या तेलाचा साबण पाच जणांचा बिघडला. सोडा पडताच मिश्रण ओतण्यापूर्वीच गोळा होई, आणि वडीला खवट वास येई. हिशेब तपासले, काटे तपासले, सोड्याचा डबा बदलला, उलगडा होईना. पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा आमच्या सूनबाईंनी त्यांच्या हातात ती वडी दिली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "हे माझं तेल न्हाई. भिजल्या बियांचं हाय. पहिल्या पावसात पडल्या, तशाच ठेवल्या, आन् मग घाण्यावर नेल्या." चौकशीअंती तसेच निघाले, त्या खेपेचे तेल बाजारातून आणलेले होते. औषधांच्या दुकानदारांनी मग कारण उलगडले. ओल्या बियांत तेल कुजू लागले म्हणजे त्यातील आम्ले सुटी होतात, आणि सुटी आम्ले सोड्यास तत्काळ धरतात, म्हणून गोळा. बाईंना आम्ल हा शब्द ठाऊक नव्हता. पण बारा जणांस जे दोन महिने कळले नव्हते ते त्यांना एका श्वासात कळले होते.

सूनबाई म्हणाल्या, "आत या, मावशी, चहा घ्या." मावशी आत आल्या. पण त्या दिवशी बसल्या त्या दाराशीच, भिंतीला टेकून. चटईवर यायला त्यांना आणखी तीन महिने लागले. आज त्या बैठकीच्या आहेत. आपली वडी त्या इतरांप्रमाणेच आणतात आणि बिघडली तर बिघडलेली मांडतात. त्यांचा आकडा आम्ही लिहून देतो. तेलाची पारख त्या आम्हांस शिकवितात. त्यांना कोणी 'अगं' म्हणत नाही. एवढे झाले म्हणून जगातला भेद मिटला असे समजण्याचे कारण नाही. परंतु यजमानांनी विचारले होते, ती माणसे कोण? आमचे उत्तर असे की, ज्यांनी पायरीवरच्या बाईस आत घेतले ती ही माणसे आहेत. जी मंडळी केवळ आपल्यासारख्यांशीच गोड बोलते तिच्या गोडव्याची परीक्षा अजून झालेली नसते. ही परीक्षा या मंडळीने, उशिरा का होईना, दिलेली आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी की, साबणात कडुनिंब, हळद किंवा चंदन घातले म्हणून तो औषध होत नाही. तो अंगाचा मळ काढतो. खरूज-गजकर्णास वैद्य किंवा डॉक्टरच पाहिजे. दुसरी अशी की, चार वड्या चांगल्या जमल्या की घरातलेच कोणी म्हणू लागते, आता विकावयास काढा. स्वतःसाठी करणे व आप्तेष्टांस भेट देणे निराळे, आणि विकणे निराळे. विक्रीसाठी अंगाचा साबण करावयाचा तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात व परवाना काढावा लागतो. ज्याला धंदा करावयाचा त्याने तो जरूर करावा, रीतसर करावा. पण हौसेच्या बैठकीत प्रत्येकजण एकमेकांचा गिऱ्हाईक होऊ लागला की बिघडलेली वडी दाखविण्याची हिंमत कोणास उरत नाही, आणि मग त्या बैठकीत शिकण्यासारखेही काही उरत नाही.

तेव्हा आमचा निवाडा असा. आमच्या भगिनीने बैठकीस जावे, आणि पहिल्या खेपेस सासूबाईंस बरोबर घेऊन जावे. सोड्याचे सर्व नियम सासूबाईंनी स्वतः पाहावे, आणि घरी सोडा आलाच तर त्याच्या डब्याची किल्ली त्यांच्याच कनवटीस राहावी. त्यांचा आक्षेप काळजीपोटी आहे; ज्याला काळजी आहे त्याच्याच हाती किल्ली शोभते. दिरांनी महिन्यातला तो एक रविवार दुपारचे घर सांभाळावे. रिकामपण म्हणजे काय आणि काम म्हणजे काय याचा निर्णय त्यानंतर करावा. यजमानांनी पोहोचवावयास यावे आणि चहापर्यंत थांबावे. माणसे कोण आहेत हे चहा घेतल्याशिवाय कळत नसते.

आता राहिला मुहूर्त. साबणाची वडी ओतल्यापासून चार ते सहा आठवडे मुरावी लागते. तोवर ती अंगाला लावू नये. पुष्कळांस दसऱ्याला नव्या कामाचा उत्साह येतो. पण दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत जेमतेम एकोणीस-वीस दिवस मिळतात, आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे कच्ची वडी हातात येते. याउलट अनंतचतुर्दशीस गणपती पोचवून आल्यावर वडी ओतली, तर मध्ये अधिक मास नसल्यास नरकचतुर्दशीपर्यंत सुमारे चव्वेचाळीस दिवस होतात. सहा आठवडे पुरे होऊन वर दोन दिवस उरतात. तेलाचे वजन करावे, हिशेब दोन माणसांनी तपासावा, सोडा शेकडा पाच कमी घालावा, आणि वड्या पंख्याखाली मांडून पितृपक्ष, नवरात्र व दसरा स्वस्थपणे जाऊ द्यावा. दिवाळीच्या पहाटे पहिली वडी सासूबाईंच्या हातावर ठेवावी.